आईच्या नावावरचे अकरा गुंठे

चाकणच्या पुढे कंपन्यांच्या रांगा संपून डोंगराचा पायथा लागतो, तिथे एका गावाचं तळं आहे. त्या तळ्याला लागून आमची अकरा गुंठे जमीन होती. आता ती सरकारची आहे. ती गेली कशी, असं मला बरेच जण विचारतात आणि विचारतानाच चेहरा पाडतात. सरकारने घेतली म्हणजे लुबाडलीच असणार, असं त्यांनी धरलेलं असतं. तसं काही झालं नाही. आम्ही ती आपणहून विकली. पण त्याआधी मी तिथे जे करून ठेवलं होतं ते सांगितल्याशिवाय विकण्याची गोष्ट पुरी होत नाही.

बाबा लातूरकडचे. त्यांच्या गावी आमच्या वस्तीतल्या एकाही घराच्या नावावर शेत नव्हतं. आजोबांचा जन्म दुसऱ्यांच्या रानात राबण्यात गेला. बाबा आयटीआय करून पिंपरीला आले, एका फाउंड्रीत मोल्डर म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. कासारवाडीला स्टेशनच्या मागच्या बाजूला आमच्या दोन खोल्या होत्या. आई घरबसल्या जॉबवर्क करायची. रबराचे वॉशर आणि बुश साच्यातून निघतात तेव्हा त्यांच्या कडेला एक पातळ पापुद्रा राहतो, तो ब्लेडने कापून काढायचा. सकाळी पोतं यायचं, संध्याकाळी जायचं. आईच्या बोटांना रबराचा वास कायम असायचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आयांच्या हातांना तसा वास येतो.

बाबांना जमीन घ्यायची होती. का, असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "एकदा सातबाऱ्यावर आपलं आडनाव बघायचंय." पण आपल्याकडे शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, आणि बाबा कागदोपत्री शेतकरी नव्हते. शेतकरी निघाली आई. तिच्या माहेरी एक तुकडा होता आणि त्यावर भावांबरोबर वारस म्हणून तिचंही नाव लागलेलं होतं. त्या नावावर तिने कधी एक ज्वारीचं कणीसही आणलं नव्हतं, पण दाखला मिळाला. खरेदी तिच्या नावावर झाली. तिच्या नावापुढे बाबांचं नाव आणि त्यापुढे आमचं आडनाव. बाबांनी तो सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून वस्तीतल्या विहारात नेऊन सगळ्यांना दाखवला होता.

जमीन त्यांनी पाहिली मे महिन्यात. तेव्हा ती कोरडी ठणठणीत होती, भेगा पडलेली, कडेला दोन बाभळी. तळ्याचं पाणी बरंच लांब, एखाद्या ताटाएवढं दिसत होतं. "समोर पाणी, मागे डोंगर," बाबा घरी येऊन म्हणाले, "लोक अशा जागेसाठी लोणावळ्याला जातात." स्वस्त का मिळाली, हे आम्ही कुणी विचारलं नाही.

ते श्रावणात कळलं. आम्ही तिघं डबा घेऊन जमीन बघायला गेलो आणि जमीन नव्हतीच. बाभळी पाण्यात उभ्या होत्या. डोंगराकडून येणारा ओढा आमच्या अकरा गुंठ्यांत येऊन पसरला होता, आणि तिथून हळूहळू, कुठेही खळखळ न करता, तळ्यात उतरत होता. पाणकणसं माणसाच्या छातीएवढी वाढली होती. त्यांच्या मुळाशी जांभळ्या पाणकोंबड्या लाल पाय उचलत फिरत होत्या. बाबा पँट गुडघ्यापर्यंत वर करून आत गेले, थोडं चालले आणि तिथेच उभे राहिले. आई काठावरून म्हणाली, "आता घर बांधायचं का होडी घ्यायची?"

पलीकडच्या भातखाचरात एक बाई काम करत होत्या. पंचेचाळिशीच्या आसपासच्या, डोक्यावर इरलं. त्या हसत बांधावर आल्या. सगळं गाव त्यांना आत्या म्हणायचं, तेव्हा आम्हीही म्हणू लागलो.

"तुमी घेतलं व्हय हे?" त्यांनी विचारलं. "हे तळ्याचं पोट हाय, दादा. हितं पानी बसतं, निवळतं, आन् मंग तळ्यात उतरतं. कुनी सांगितलं न्हाई तुमास्नी?"

बाबांनी मान हलवली. आत्यांनी आम्हाला त्यांच्या घरी नेलं आणि गूळ घातलेला कोरा चहा दिला. फसवणूक झाल्याचं दुःख बाबांना झालं असणार, पण बोलून दाखवलं नाही. पुढची कितीतरी वर्षं ते महिन्यातून एखादा रविवार तिथे जाऊन बसायचे. उन्हाळ्यात आत्या तिथलं गवत कापून न्यायच्या. त्या बदल्यात आम्हाला तांदूळ यायचा. असं ठरवलं कुणीच नव्हतं, पण तसं चालायचं.

मी शिकले, हिंजवडीला एका कंपनीत लागले, लग्न झालं. नवरा माझ्यासारखाच नोकरीवाला, त्याचं मूळ गाव रत्नागिरीकडचं. आम्ही मारुंजीला भाड्याने राहायचो. अकरा महिन्यांचा करार, तो संपला की मालकाचा फोन. सहा वर्षांत चार घरं झाली. चौथ्या वेळेस टेम्पोत सामान चढवताना माझ्या मुलीने विचारलं, "आई, या घराने काय केलं?" मी तिला काहीतरी सांगितलं, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात ते अकरा गुंठे शिरले. चाकण वाढत होतं. तळ्याच्या दुसऱ्या अंगाला प्लॉटिंगचे फलक लागले होते. आमचीच जमीन पाण्यात का असावी?

भराव टाकायची कल्पना माझी. बाबांची नाही, आईची नाही. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने मी टिपरवाला शोधला. शहरात जुन्या इमारती पाडल्या जात होत्या आणि त्यांचा राडारोडा कुठे टाकायचा ही त्याची अडचण होती. माझी जमीन त्याला हवीच होती. बाबा का-कू करत होते. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांसाठी साचे भरलेत. आता स्वतःची जागा भरायची तर एवढा विचार कशाला?" मग ते म्हणाले, "बघ बाई, तुला योग्य वाटत असेल तर." रिटायर झाल्यापासून ते माझ्या शब्दाला जरा जास्तच मान द्यायला लागले होते. त्याचा मी फायदा घेतला.

जानेवारीत तीन दिवस टिपर चालले. विटांचे तुकडे, फरशा, सळ्यांची भेंडोळी, कुणाच्या तरी न्हाणीघरातल्या निळ्या टाइल्स. अर्धी जमीन पुरुषभर उंच झाली. त्यावर उभं राहिलं की खरंच तळं समोर दिसायचं. मी फोटो काढून नवऱ्याला पाठवला: इथे हॉल, इथे ओटा.

पाऊस सुरू झाल्यावर एके दिवशी बाबांना आत्यांचा फोन आला. "दादा, एकदा येऊन जावा," एवढंच बोलल्या. रविवार होता, मीही गेले. मला वाटलं गवताबद्दल काही असेल.

आत्यांनी आम्हाला बांधावरून चालवत नेलं. त्यांचं खाचर पाण्याखाली होतं. आठ दिवसांपूर्वीच लावलेली भाताची रोपं तळाशी पिवळी पडून आडवी झाली होती, आणि हात घातला की चिखलासकट वर येत होती. ओढा आमच्या भरावाला धडकून उजवीकडे वळला होता आणि सरळ त्यांच्या रानात घुसला होता. तिथून एक चर पाडून तो गढूळ, फेसाळ, जसाच्या तसा तळ्यात पडत होता. आम्ही पहिल्यांदा पाहिलेलं ते निथळत उतरणारं पाणी आता कुठेच नव्हतं.

"त्याला वाट न्हाई ऱ्हायली," आत्या म्हणाल्या. "त्यो तरी जाईल कुटं? आला माझ्याकडं. गावच्या हिरीला बी ह्या साली गढूळ पानी हाय. पोरं आजारी पडत्यात." त्यांनी आवाज चढवला नाही. वाकून एक रोप उचललं, बघितलं आणि परत पाण्यात सोडलं. मग म्हणाल्या, "चला, च्या घ्या."

आम्ही चहा घेतला. त्या आम्हाला बोलल्या असत्या तर मला उलट उत्तर देता आलं असतं. मी मनात तयारीही केली होती.

घरी येताना बसमध्ये मी बाबांना म्हटलं, "आपली जमीन आहे. आपण आपल्या जमिनीत काहीही करू शकतो. त्यांच्या नुकसानीचं आपण भरून देऊ." बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. चाकणचा चौक आला, ट्रक अडकले होते, बस हलत नव्हती. मग ते त्यांच्या गावच्या बोलीत बोलले. फार मनाला लागलं की ते तसे बोलायचे. "जमीन आपली आसंल. वढा आपला न्हाई." एवढं बोलून ते पुन्हा खिडकीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला न विचारता जेसीबी बोलावला आणि भराव मधोमध फोडून ओढ्याला जुनी वाट करून दिली. आत्यांच्या खाचरातलं पाणी दोन दिवसांत उतरलं, पण त्या वर्षीचं भात गेलं ते गेलंच. मी पंधरा दिवस कासारवाडीला गेले नाही. फोनवर आईशी बोलायचे, बाबांची चौकशी करायचे नाही. आई एकदा म्हणाली, "ते काय तुझ्यावर चिडलेले नाहीत." मी म्हटलं, "मी चिडलेय." पण चिडण्याचा आव होता तो. मला त्यांच्या समोर जायचं नव्हतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात सरकारचं पत्र आलं. तळ्याचं पाणी तीन गावं पीत होती आणि ते खराब होत चाललं होतं. म्हणून तळ्याला लागून असलेल्या पाणथळ खासगी जमिनी विकत घ्यायचं ठरलं होतं. गावच्या शाळेत सभा होती. आम्ही तिघं गेलो, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलो. प्रांत कचेरीतल्या एक अधिकारी बाई आल्या होत्या, चाळिशीच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत होते. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "हे भूसंपादन नाही. जबरदस्ती नाही. ज्यांना विकायची त्यांच्याकडून थेट खरेदी करायची आहे. ज्यांना नाही द्यायची त्यांनी तसं सांगावं."

पहिल्या उठल्या त्या आत्या. मला वाटलं होतं, तळ्याची एवढी काळजी असलेली बाई सगळ्यात आधी हो म्हणेल.

"मॅडम, म्या देनार न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्ये तळं आमी राखलं. माझ्या सासऱ्यानं राखलं. गाळ काडला, बांध घातला. तवा सरकार कुटं हुतं? आता तळं वाचवायचं म्हून मलाच हितनं उठवताय?"

सभेत हशा पिकला आणि टाळ्याही पडल्या. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आत्या, तुमचं खाचर मला नकोच आहे. भाताने तळ्याचं काही बिघडत नाही. तुमच्या खाचराच्या खालची, पाण्याला लागून असलेली पट्टी आहे ना, तेवढीच हवी." आत्या खाली बसल्या. "इचार करून सांगते," म्हणाल्या.

सभा सुटल्यावर शाळेच्या फाटकाबाहेर एक एजंट उभा होता. पांढरा शर्ट, दोन फोन. त्याला आमचं सगळं माहीत होतं. "काका, घाई करू नका राव," तो बाबांना म्हणाला. "भराव टाकलाय ना तुम्ही? झकास केलंत. राहिलेला पण टाकून घ्या. मी गिऱ्हाईक देतो, सरकारपेक्षा चांगलं. कुणी विचारलं तर सांगायचं, भराव आधीपासूनच होता. मागच्या मालकाचा." बाबा "बघू" म्हणाले. मी मात्र परतीच्या वाटेवर त्याचा नंबर फोनमध्ये सेव्ह केला. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण केला.

महिन्याभराने पाहणी झाली. मॅडम, मोजणीवाले दोघं आणि आम्ही तिघं त्या फोडलेल्या भरावावर उभे होतो. मोजणीवाल्याने तिपाईवर यंत्र लावलं होतं. मॅडमनी पायाखालची निळी टाइल चपलेने उलटी केली आणि विचारलं, "हा भराव कुणी टाकला?"

एजंटने पढवलेलं उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. बाबांनी मला बोलू दिलं नाही. "मी टाकला," ते म्हणाले. "चूक झाली."

मॅडमनी ते लिहून घेतलं. पाणथळ जागेत भराव टाकणं हा गुन्हा आहे, नोटीस निघू शकते, असं सांगितलं. बाबा मान डोलावत होते, जणू फाउंड्रीत सुपरवायझर त्यांना एखादा बिघडलेला साचा दाखवतोय. मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि मी गप्प राहिले.

मग मॅडम बाबांना म्हणाल्या, "विक्रीचं काय ठरवलंय तुम्ही?" बाबा काही म्हणायच्या आत त्यांनी हातातल्या उताऱ्याकडे पाहिलं आणि थांबल्या. आईकडे वळल्या. "काकू, जमीन तुमच्या नावावर आहे. मी तुम्हाला विचारायला हवं."

आईला आजवर त्या जमिनीबद्दल कुणीही काही विचारलं नव्हतं. बाबांनी नाही, मी तर नाहीच. ती पदराने मान पुसत होती. तिने हात खाली घेतला.

"तुम्ही इथे काय बांधणार?" तिने विचारलं.

"काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे? बाग, बाकडी, बोटिंग?"

"नाही काकू. पाणी येईल, बसेल आणि तळ्यात जाईल. पूर्वी जायचं तसं. त्यासाठीच घेतोय."

"लिहून द्याल?"

"खरेदीखतात लिहिता येईल. सातबाऱ्यावरही नोंद होईल." मॅडमनी उतारा फाइलमध्ये ठेवला. "माझी बदली होईल वर्षा-दोन वर्षांत. माझ्या शब्दावर जाऊ नका. कागदावर काय येतंय ते वाचून घ्या."

"मला वाचता येतं," आई म्हणाली. "मी वाचीन." मग तिने बाबांकडे पाहिलं. "तुम्हाला नाव बघायचं होतं सातबाऱ्यावर. बघून झालंय ना?"

बाबांचे डोळे भरून आले होते. ते "झालंय" म्हणाले आणि मोजणीवाल्याच्या यंत्रात फार रस असल्यासारखे तिकडे गेले.

परतीच्या रिक्षात आई माझ्या शेजारी होती, बाबा पुढे ड्रायव्हरजवळ. अर्धा रस्ता झाल्यावर ती हळूच म्हणाली, "तू बोलली नाहीस." मी रस्त्याकडे बघायला लागले. "त्यांना आयुष्यात कधी साधा मेमो मिळाला नाही कंपनीत," ती म्हणाली. बाकी काही नाही.

बुधवारी मी अर्धी रजा टाकून कचेरीत गेले. मॅडमच्या टेबलासमोर दोन तास बसावं लागलं. नंबर आल्यावर मी सांगितलं, की भराव माझ्या सांगण्यावरून पडला, टिपरवाला मी ठरवला, वडिलांच्या मनात नव्हतं. वाटेत ठरवलेलं सगळं वाक्य एका दमात बोलून टाकलं. त्यांनी चष्मा काढला.

"तुमच्या वडिलांनी सही केलीय जबाबावर."

"मग मला दुसरा जबाब लिहू द्या."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी लिहिला. त्या वाचून म्हणाल्या, "नोटीस काढायची की नाही हे वरून ठरेल, मी माझं मत लिहीन. पण खरेदी व्हायची असेल तर भराव उचलावा लागेल, सगळा. पावसाच्या आधी. आणि तो कुठे टाकला याची पावती लागेल. दुसऱ्या कुणाच्या ओढ्यात नाही टाकायचा."

संध्याकाळी कासारवाडीला जाऊन मी हे बाबांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "मग उचलू." जरा वेळाने, "जेवून जा."

ते तीन महिने मला अजून आठवतात. मोठा ढीग यंत्राने उचलला, पण यंत्राला जमत नाही ते बरंच उरतं. चिखलात रुतलेली काच, खिळे, टाइल्सच्या कपच्या. दर रविवारी आम्ही जायचो. नवरा घमेली वाहायचा, मी पोती भरायचे. आई एका उलट्या घमेल्यावर बसायची आणि मातीतून काचा वेचायची. तिच्या बोटांना बारीक धारेची सवय होती. मला तिसऱ्याच घमेल्यात कापलं, तिला शेवटपर्यंत एक ओरखडा आला नाही. बाबा कुदळीने ओढ्याचा उतार साधत होते. वाकून, एक डोळा बारीक करून बघायचे, मग चार बोटं माती काढायचे. साच्यात लोखंड कसं वाहतं हे बघण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते म्हणायचे, पाणी आणि लोखंड दोन्ही आळशी, सोपी वाट शोधतात.

दुसऱ्या रविवारी आत्या आल्या. कमरेवर हात ठेवून आमचं काम बघत राहिल्या. मग गेल्या आणि ट्रॅक्टर घेऊन त्यांच्या पुतण्याला पाठवलं. डिझेलचं विचारलं तर त्या म्हणाल्या, "भात गेलं तवा तुमी पाठ फिरवली न्हाई. जेसीबी आनला. हे मी बगितलंय." मी त्यांना सांगितलं, की भराव माझा होता. "ठावं हाय," आत्या म्हणाल्या. "दादाचं काम न्हाई ते. त्याला पहिल्या दिवशीच पान्यात हुबं ऱ्हायलेलं बगितलंय म्या. तू ते घमेलं उचल."

नोटीस आली नाही. भराव उचलल्याच्या पावत्या जोडल्यावर तो विषय बंद झाला असं कळवण्यात आलं. कागदपत्रांना आणखी वर्ष गेलं. मधल्या काळात आत्यांचंही ठरलं. खालची पट्टी त्यांनी दिली, खाचर ठेवलं. देतानासुद्धा त्यांनी मॅडमकडून, गुरांना पाण्यावर जायला वाट मोकळी राहील, असं लिहून घेतलं. ते आईने त्यांना दोनदा वाचून दाखवलं.

खरेदीखताच्या दिवशी आई आणि आत्या रजिस्टर कचेरीत एकाच बाकावर बसल्या होत्या. दोघींचा नंबर लागोपाठ होता. संगणकावर फोटो झाला, मग यंत्रावर अंगठा. आईचा अंगठा यंत्र घेईना. ऑपरेटरने ओल्या फडक्याने काच पुसली, आईचा अंगठा पुसला, दुसऱ्या हाताचा लावून पाहिला. पडद्यावर तेच: पुन्हा प्रयत्न करा. इतक्या वर्षांच्या ब्लेडने आणि रबराने बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. मग आत्यांना बसवलं. त्यांचाही उठेना, चिखलाने आणि विळ्याने तिथेही काही ठेवलं नव्हतं. दोघी एकमेकींचे अंगठे उजेडात धरून बघायला लागल्या.

"बाई, तुमी तर माझ्यापेक्षा गुळगुळीत," आत्या म्हणाल्या.

"आपण दोघींनी चोऱ्या करायला हरकत नाही," आई म्हणाली.

सगळी कचेरी हसली, ऑपरेटरसुद्धा. शेवटी चहावाल्याकडून खोबरेल तेलाची बाटली आली. थोडं तेल चोळून, थोपटून, आठव्या-नवव्या वेळेस आईच्या करंगळीचा ठसा उमटला. आत्यांचा मधल्या बोटाचा. आईने सही करण्याआधी खरेदीखताचं प्रत्येक पान वाचलं. "कोणतेही बांधकाम करण्यात येणार नाही" या ओळीवर बोट ठेवून तिने मला ती दाखवली. मागे रांग वाढली होती. कुणी कुरकुरलं नाही, किंवा कुरकुरलं असलं तरी तिला ऐकू आलं नाही.

त्या व्यवहारातून थेरगावला डांगे चौकाच्या आतल्या अंगाला आईच्याच नावावर एक बेडरूमचा फ्लॅट घेतला, उरलेल्या रकमेसाठी माझं कर्ज. जुनी इमारत, लिफ्ट कधी चालते कधी नाही. आता आम्ही पाचही जण तिथे राहतो. समोर तळं नाही, समोर दुसऱ्या इमारतीची गच्ची आहे आणि तिच्यावर वाळणारे कपडे.

बाबांचं पहिलं वर्ष जरा जड गेलं. जमीन गेल्यामुळे नव्हे, रविवार रिकामे झाल्यामुळे. तळ्याभोवती तारेचं कुंपण आलं आणि फाटकावर वॉचमन. बाबा पहिल्यांदा गेले तेव्हा त्याने अडवलं. परवानगीशिवाय आत जाता येत नाही, गावच्या गुरांना वेगळी वाट आहे, म्हणाला. बाबा तसेच परत आले. मी चिडले. मॅडमना फोन लावला, तर त्यांची खरंच बदली झाली होती. नवीन साहेब म्हणाले, "अर्ज द्या." अर्ज दिला. उत्तर यायला चार महिने लागले: सकाळी सहा ते दहा पायी फिरायला हरकत नाही, आत काही नेऊ नये, आणू नये. मला ते अपमानाचं वाटलं. बाबांना नाही. त्यांनी पत्र घडी करून पाकिटात ठेवलं. म्हणाले, "नियम सगळ्यांना पाहिजे. मला सोडलं तर त्या एजंटलाही सोडावं लागेल."

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही सगळे गेलो, मुलीलाही नेलं. ओढा भरून येत होता आणि जिथे मी हॉल आणि ओटा मापला होता, तिथे पाणकणसांत शिरून शांत होत होता. दुसऱ्या बाजूने तळ्यात उतरणारं पाणी अगदी नितळ होतं असं म्हणणार नाही. वरच्या अंगाला वस्ती वाढलीय, थोडा फेस असतोच. आत्या म्हणाल्या, हिरीचं पानी सुदारलंय, पर अजून उकळून पितो.

फाटकावर नवा वॉचमन होता, पन्नाशीचा, मिशा पिकलेल्या. बाबांनी पाकिटातलं पत्र काढलं. त्याने ते वाचलं, आडनाव वाचलं आणि वर बघून विचारलं, "गाव कंचं म्हनायचं पाव्हनं?" बाबांनी सांगितलं. तो शेजारच्याच तालुक्यातला निघाला. मग काय, दोघं फाटकापाशीच उभे राहिले. कुणाचा कोण, कुठल्या बाजाराला कुठला रस्ता, कोण कधी गेलं. बाबा चाळीस वर्षांत बोलले नसतील इतकं गावचं बोलत होते, हेल काढून. मुलगी आश्चर्याने त्यांच्या तोंडाकडे बघत होती. आई कंटाळून पुढे निघाली, चपला हातात घेऊन काठाकाठाने बरीच लांब गेली. मी तिच्या मागे गेले. ती थांबली होती, पाण्यात काहीतरी बघत होती.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "पाय गार वाटतायत."

दहा वाजायला आले तसा वॉचमनने लांबून हात केला. बांधावरून आत्यांनी हाक मारली, चहा ठेवलाय म्हणून. आम्ही बाबांना घ्यायला फाटकाकडे वळलो.